फिनिक्समध्ये घर बघायला, तेही मार्चमध्ये

गुरुवार, शिकागो ते फिनिक्स

निवृत्तीची तारीख नक्की झाल्यापासून नवऱ्याने एकच धोशा लावला होता: हिवाळ्यापुरतं उबेचं घर. आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या गोतावळ्यातल्या बहुतेकांनी फ्लोरिडा गाठलंय. समुद्र आहे, नातवंडांना डिस्नी आहे. पण हा माणूस विद्यार्थी म्हणून शिकागोत उतरला तेव्हापासून कब्स या तिथल्या बेसबॉल संघाचा भक्त. २०१६ साली कब्स १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकले त्या रात्री हा सोफ्यावर बसून रडला. मुलीच्या पाठवणीला रडला नव्हता. आणि कब्स दर वसंतात सरावाला जातात ते ॲरिझोनात, फिनिक्सला चिकटून असलेल्या मेसा गावात. त्यामुळे कुठलं राज्य, हा प्रश्न आमच्याकडे चर्चेला आलाच नाही.

ज्यांना बेसबॉलशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेजर लीगमध्ये ३० संघ. हंगामाआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, ते उबदार मुलखात तळ ठोकतात. निम्मे फ्लोरिडात, निम्मे ॲरिझोनात. ॲरिझोनातल्या १५ संघांची ती कॅक्टस लीग. दहा मैदानं, सगळी फिनिक्सच्या पसाऱ्यात, एकातून दुसऱ्यात गाडीने फार तर तासाभरात. या सामन्यांच्या निकालाला काडीची किंमत नाही. तरी बर्फाच्या प्रदेशातून विमानं भरभरून माणसं येतात, उन्हात बसतात, आणि मैदानातून बाहेर पडताना एकमेकांना इथल्या घरांच्या किमती विचारतात.

स्काय हार्बर विमानतळावर भाड्याची गाडी घेतली. पावतीवर करांची ही लांबलचक शेपटी. त्यात स्टेडियमचाही वाटा असतो. २००० साली, फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीच्या मतदारांनी कौल दिला की हॉटेलांवर आणि भाड्याच्या गाड्यांवर कर लावायचा, त्यातून ग्लेनडेलचं फुटबॉल स्टेडियम उभारायचं आणि कॅक्टस लीगच्या मैदानांनाही हातभार लावायचा. मैदान दाखवून पाहुणे बोलवायचे आणि मैदानाचा खर्च पाहुण्यांच्याच खिशातून काढायचा. गाव हुशार आहे, हे विमानतळावरच कळलं.

शुक्रवार, मेसा

सकाळी एजंट बाई भेटल्या. घर दाखवण्याआधी करारावर सही. ऑगस्ट २०२४ पासून देशभर हा नियम झालाय. एजंटची फी किती आणि कोण देणार ते आधीच लिहून घ्यायचं. मला हे आवडलं. पूर्वी ते सगळं धूसर असायचं.

पहिलं घर सत्तरच्या दशकातलं, बैठं, मागे ग्रेपफ्रूटची दोन झाडं. फुलोऱ्याचा वास अंगणभर. मेसा एके काळी लिंबूवर्गीय बागांचं गाव होतं. बागा गेल्या, अंगणातली झाडं उरली. छपरावर एक गंजका पत्र्याचा डबा दिसला. मी विचारायच्या आत नवरा म्हणाला, "अगं, हा तर कूलर!" खरंच कूलर. गवताच्या ताट्या, वरून पाणी, आत पंखा. एसी परवडायला लागायच्या आधी सगळं फिनिक्स यावरच उन्हाळा काढायचं. आता तो बंद आणि शेजारी एसीचं अजस्र यंत्र. बाई म्हणाल्या, "जुना आहे, काढून टाकता येईल." नवऱ्याला मात्र तो ठेवायचा होता.

घराच्या जाहिरातीतलं पहिलं वाक्य खोल्यांबद्दल नव्हतं, छपराबद्दलही नव्हतं. कब्सचं मैदान गाडीने किती मिनिटांवर, ते होतं. पुढच्या दोन्ही घरांच्या जाहिराती तशाच. एकात मिनिटं मोजताना सिग्नल धरलेला नव्हता, हे आम्ही लगेच जाऊन पडताळलं.

दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी सामना. कब्सचं हे मैदान, स्लोन पार्क, २०१४ साली उघडलं. १५,००० माणसं मावतात, वसंतातल्या सरावाच्या मैदानांत सगळ्यात मोठं. मेसात कब्स पहिल्यांदा आले ते १९५२ मध्ये. मधली काही वर्षं दुसरीकडे गेले, पण १९७९ पासून मुक्काम इथेच. २०१० च्या सुमारास फ्लोरिडाने त्यांना गळ घातली होती. तेव्हा मेसाच्या मतदारांनी नवं मैदान बांधायला मंजुरी देऊन संघ राखला. बाहेर शिकागोच्या रिगली फील्डवरच्या लाल पाटीची नक्कल लावलेली आहे आणि तिच्यापुढे फोटोसाठी रांग. रांगेतल्या प्रत्येकाने खरी पाटी शेकडो वेळा पाहिलेली असणार. आम्हीही उभे राहिलो.

आमची तिकिटं गवताच्या उतारावरची, सगळ्यात स्वस्त. चादर अंथरायची आणि पडायचं. वर पातळ निळं आभाळ, पारा पंचविशीच्या आसपास, घाम यायच्या आधीच सुकतो. दारात तिकीट बघणारे, खुर्ची फडक्याने पुसून देणारे, पार्किंगला हात दाखवणारे, सगळे सत्तरी पार केलेले. त्यांच्यातले बरेच इथे हिवाळ्याला आले आणि राहिले. मला वाटतं, जाहिरातीपेक्षा हे आजोबाच घरं जास्त विकत असतील. उन्हाने तांबूस झालेले, टोपीवर बिल्ल्यांची गर्दी, प्रत्येकाशी गप्पा. कुणाही साठीतल्या माणसाला वाटेल, आपलं पुढचं असंच जावं.

खेळाबद्दल खरं सांगायचं तर मोठे खेळाडू तीनचार डावांत उठून जातात. मग पाठीवर ऐंशी-नव्वदीतले आकडे लावलेली पोरं येतात, ज्यांची नावं स्कोअरबोर्डालाही धड माहीत नसतात. कठड्याजवळ मुलं चेंडू आणि मार्कर घेऊन उभी. एक उंच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सरावाहून परतताना थांबला आणि अर्धा तास सह्या करत राहिला. एका चिमुरडीने पुढे केलेला चेंडू त्याने आधी पँटला पुसला, मग सही केली, मग शाई वाळावी म्हणून फुंकर घालून परत दिला. शिकागोत हंगामात एवढ्या जवळून हे कधी दिसलं नसतं. नवऱ्याने तिथेच कानात सांगितलं, "घेऊन टाकू." कुठलं, ते त्याने सांगितलं नाही.

शनिवार, सन सिटी आणि सरप्राइज

आज पश्चिमेकडे. एजंट बाईंचं म्हणणं, तिथे तेवढ्याच पैशात मोठं घर मिळतं आणि मैदानंही जास्त: पिओरिया, सरप्राइज, गुडइयर, ग्लेनडेल.

सन सिटीबद्दल वाचून आले होते, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. रस्ते एकात एक वर्तुळं, त्यांवरून गोल्फ कार्ट बिनदिक्कत चाललेल्या, शाळा नाही, झोपाळा नाही. घरात किमान एक जण ५५ वर्षांचा हवा, आणि एकोणीस वर्षांखालच्यांनी कायम राहायचं नाही. डेल वेब या बिल्डरने १ जानेवारी १९६० ला हे गाव विक्रीला काढलं आणि पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसं नमुना घरं बघायला आली. म्हातारपणी गोल्फ, पोहणं, ऊन आणि शेजारी सगळे आपल्याच वयाचे, हा माल त्याने पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर विकला.

मला या माणसाने गुंतवून ठेवलं. वेब तरुणपणी पिचर होता. टायफॉइडने आडवा झाला, खेळणं सुटलं, आणि प्रकृतीसाठी तो फिनिक्सला आला, १९२८ च्या सुमारास. सुतारकी, मग ठेकेदारी. लास वेगासचं फ्लमिंगो हॉटेल त्याच्या कंपनीने बांधलं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलं त्यातली पोस्टनची छावणीही त्यानेच बांधली; इथल्या कौतुकाच्या गोष्टींत हे सहसा येत नाही. आणि १९४५ मध्ये त्याने भागीदारीत चक्क न्यूयॉर्क यँकीज हा संघ विकत घेतला. त्याच्या मालकीच्या काळात यँकीजनी दहा वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली.

१९५१ च्या वसंतात त्याने जायंट्स संघाशी सरावाच्या गावांची अदलाबदल केली. ते फ्लोरिडाला गेले आणि यँकीज वेबच्या गावी, फिनिक्सला आले. यँकीजच्या दिग्गजांपैकी डिमॅजिओचा तो शेवटचा हंगाम आणि १९ वर्षांच्या मिकी मँटलचा पहिला. नवरा हे सांगताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबला होता, इतका रंगला. फिनिक्सला तेव्हा मोठ्या संघाचं येणंजाणं नवीनच होतं. त्याच्या चारच वर्षं आधी, १९४७ मध्ये, जायंट्स फिनिक्सला आणि बिल व्हेकच्या मालकीचे क्लीव्हलंड इंडियन्स टुसॉनला येऊ लागले होते. कॅक्टस लीगची सुरुवात ती. म्हणजे ज्या माणसाला ऊन विकायचं होतं त्याच्याच हातात देशातला सगळ्यात प्रसिद्ध संघ होता. खेळ बघायला आलेला माणूस हवा बघून जातो, आणि हवा बघून गेलेला घर घ्यायला परत येतो, हे वेबला कुणी शिकवावं लागलं नसणार. पुढे सन सिटीतच मैदान झालं आणि १९७३ ते १९८५ मिलवॉकीचे ब्रुअर्स तिथे सरावाला येत. मिलवॉकीच्या थंडीतून सुटलेल्या पेन्शनरांना कार्ट काढून आपला संघ बघता यायचा. ते मैदान आता नाही.

सन सिटीतलं घर मला काही रुचलं नाही. वर्तुळात फिरताना एकही लहान मूल दिसलं नाही, आणि आमची नातवंडं सुट्टीत येतील तर दिवस मोजून ठेवावी लागणार. नवरा म्हणाला, "शांतता आहे." मी म्हटलं, "ती नेपरव्हिललाही आहे, फुकट."

सरप्राइजमध्ये नवी कोरी घरं, अजून सिमेंटचा वास. स्टेडियम २००३ पासून कॅन्सस सिटी रॉयल्स आणि टेक्सस रेंजर्स वाटून वापरतात. विक्री कार्यालयात थंड पाणी, बिस्किटं आणि भिंतीवर मैदानाचं हवाई छायाचित्र. मी पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा बिस्किटं पुढे आली. ॲरिझोनात १९८० च्या कायद्याने फिनिक्सच्या पट्ट्यात नवी वसाहत बांधायची तर १०० वर्षं पाणी पुरेल असा दाखला लागतो. २०२३ च्या जूनमध्ये राज्याने सांगितलं की फक्त भूजलावर विसंबून असलेल्या नव्या वसाहतींना तो आता मिळणार नाही. शहराबाहेर पश्चिमेला त्याची झळ जास्त. या वसाहतीकडे आधीचा दाखला होता, कागद दाखवला. पुण्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत बहिणीचा फ्लॅट आहे, त्यामुळे तो कागद मी जरा जास्तच वेळ वाचला. विक्रेत्याला वाटलं, मला घर आवडलं.

रविवार, ग्लेनडेल आणि पिओरिया

पहाटे देशातली बहुतेक घड्याळं एक तास पुढे गेली. ॲरिझोनाची नाही. उत्तरेचा नवाहो प्रदेश सोडला तर १९६८ पासून या राज्याने तो प्रकार बंदच ठेवलाय, कारण संध्याकाळी आणखी एक तास ऊन इथे कुणालाच नकोय. उन्हावर घरं विकणाऱ्या राज्याचं हे मत मी वहीत लिहून ठेवलं.

ग्लेनडेलचं स्टेट फार्म स्टेडियम बाहेरून पाहिलं. आत अमेरिकन फुटबॉलचे कार्डिनल्स खेळतात, आणि २००८, २०१५ आणि २०२३ चे सुपर बोल, म्हणजे फुटबॉलचे अंतिम सामने, इथेच झाले. छप्पर सरकतं, ते ठीक. पण मैदानही सरकतं! खरं गवत वाढवायला ऊन हवं आणि माणसांना बसायला सावली हवी. म्हणून अख्खं मैदान एका प्रचंड थाळ्यात आहे आणि तो थाळा रुळांवरून बाहेर उन्हात नेऊन ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा हिरवळ बाहेर होती, पार्किंगशेजारी, आणि तिच्यावर फवारे चालू.

त्याच्या पलीकडे हॉकीचं रिंगण. त्याची गोष्ट दुपारी पिओरियात कळली. पिओरियाचं मैदान पाद्रेस आणि मरिनर्स या बेसबॉल संघांचं, १९९४ चं. दोन संघांनी एक मैदान वाटून घ्यायची रीत इथूनच सुरू झाली. शेजारच्या खुर्च्यांवर कॅनडातल्या विनिपेगचं जोडपं होतं. त्यांचा हॉकी संघ १९९६ मध्ये उठून फिनिक्सला आला आणि कायोटीज झाला. काही वर्षांनी ग्लेनडेलने त्याच्यासाठी रिंगण बांधलं, तेव्हा यांनी जवळच हिवाळ्याचं घर घेतलं: घरच्या संघाजवळ घर. मग शहराचं आणि संघाचं फाटलं. २०२२ मध्ये संघ टेंपीत विद्यापीठाच्या ५,००० खुर्च्यांच्या रिंगणात गेला. २०२३ मध्ये टेंपीच्या मतदारांनी नवं रिंगण नाकारलं आणि २०२४ मध्ये संघ युटाला. मधल्या काळात विनिपेगला २०११ मध्ये दुसरा संघ मिळाला. "म्हणजे आता हॉकी बघायची तर आम्हाला थंडीत घरी जावं लागतं," आजोबा म्हणाले, आणि शेंगदाण्याची पुडी आमच्यापुढे केली. घर विकणार का, विचारलं. नाही म्हणाले. बेसबॉल आवडायला लागलाय.

सोमवार, स्कॉट्सडेल

इथे फार लिहिण्यासारखं नाही, कारण घरं आमच्या आवाक्यातली नाहीत. जायंट्सचं मैदान जुन्या बाजारपेठेत, पायी जाता येईल असं. फेब्रुवारीत इथेच गोल्फची फिनिक्स ओपन होते, जिच्या सोळाव्या होलभोवती स्टेडियम उभारतात आणि चेंडू चुकला की खेळाडूची हुर्यो उडवतात. गोल्फच्या प्रेक्षकांकडून हे ऐकून मला बरं वाटलं. जेवण उत्तम, बिल बघून गप्प.

मंगळवार, चँडलर

इंटेलमुळे चँडलरमध्ये आपली माणसं भरपूर. माझी कॉलेजची मैत्रीण पंचवीस वर्षं इथे राहते, मूळची नागपूरची. वांग्याची भाजी, भाकरी, आणि स्वच्छ कानउघाडणी.

"मार्चमध्ये घर बघायला आलीस? अगं, मार्चमध्ये जामठाही काश्मीर वाटतं." मग म्हणाली, जामठ्याला, नागपूरच्या वर्धा रोडवर, स्टेडियम झालं तेव्हा तिच्या काकांनी स्टेडियमजवळचा म्हणून प्लॉट घेतला. वर्षाकाठी सामने एखाददुसरे, बाकीचे दिवस काका आणि धूळ.

तिने आम्हाला घराची पश्चिमेकडची भिंत दाखवली. तिथल्या खिडकीला बाहेरून जाळीचा पडदा, आतून जाड पडदा, आणि मधल्या काचेला फिल्म. मोटारीचं स्टीअरिंग धरायला तिच्याकडे स्वयंपाकघरातले हातमोजे आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला टेकला किंवा वर गेला. म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. त्या वर्षी मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने सहाशेहून जास्त माणसं दगावली. "नागपुरात पंचेचाळीस बघितलंय," ती म्हणाली, "पण तिथे मृगाचा पाऊस येतो. इथे रात्री दोन वाजता कचरा टाकायला गेले तरी हवा तोंडावर येते." बत्तीसच्या खाली न उतरणाऱ्या रात्री तिने ओळीने काढल्यात.

नवऱ्याने आपला बेत मांडला: सहा महिने इथे, सहा तिथे, आणि मधल्या काळात घर भाड्याने. राज्याच्या कायद्याने शहरांना अल्पकाळाच्या भाड्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे त्याने वाचून ठेवलं होतं. मैत्रिणीने विचारलं, "भाडं सगळ्यात जास्त कधी मिळतं?"

"मार्चमध्ये."

"आणि तुझा कब्स?"

तो काही बोलला नाही. भाकरी मोडत राहिला. शिवाय, ती म्हणाली, एचओएची, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची, नियमावली आधी वाचा. शहर अडवू शकत नसलं तरी सोसायटी अडवते.

संध्याकाळी फिनिक्स सन्सचा बास्केटबॉल सामना बघितला. सन्स १९६८ चे, शहरातला पहिला मोठा संघ. तीनदा अंतिम फेरीत गेले आणि तिन्ही वेळा हरले. तरी लोक जीव टाकतात. मला खेळापेक्षा दारावरच्या नावाने हसवलं. या रिंगणाला आता मॉर्गेज मॅचअप सेंटर म्हणतात. संघाचे मालक गृहकर्जाच्या धंद्यातले, नाव त्यांच्याच कंपनीच्या सेवेचं. वेबने निदान घर आणि संघ वेगवेगळ्या पाट्यांवर ठेवले होते.

बुधवार, परत

सकाळी पुन्हा मेसातल्या कूलरच्या घरी जाऊन आलो. रिकामं होतं. मी पश्चिमेची बाजू शोधली: बैठकीची मोठी काचेची खिडकी तिकडेच, आणि बाहेर झाड नाही. नवरा मागच्या अंगणात ग्रेपफ्रूट मोजत होता.

इलिनॉयच्या मालमत्ता कराच्या मानाने इथला कर किरकोळ आहे, राज्याचा आयकर सरसकट अडीच टक्के. कागदावर बेत वाईट नाही, हे मलाही मान्य. पण विमानतळावर त्याने फोनवर किमतीचा प्रस्ताव लिहायला घेतला तेव्हा मी तो काढून घेतला आणि जुलैची तिकिटं बघितली. मार्चच्या मानाने स्वस्त, हॉटेलं तर फारच स्वस्त. फिनिक्सच्या स्वतःच्या बेसबॉल संघाचे, डायमंडबॅक्सचे, सामने असतात, त्यांच्या चेस फील्डचं छप्पर बंद, आत एसी. तोही एक खेळ बघून होईल. तोवर घर विकलं गेलं तर गेलं.

एजंट बाईंना निरोप पाठवला की जुलैत पुन्हा बघायचंय. त्यांचं उत्तर चढायच्या आधी आलं: जरूर या, पण जुलैत मी घरं सकाळी आठच्या आत दाखवते.

मी लिहिलं, आम्हाला दुपारी चारची वेळ द्या.